जीव लावलास, आता निभाव

खाली बस. मोबाईल उलटा करून ठेव. मी बोलते आहे तोवर मध्ये तोंड घालायचं नाही. तुझं सगळं म्हणणं मी फोनवर ऐकून घेतलं आहे, आणि त्यानंतर मला नीट झोप लागलेली नाही.

“बाई, चिमीसाठी एखादं चांगलं घर बघा की. लेकराची अकरावी आहे, लातूरला क्लास लावायलाव, त्याची आई तिकडं खोली करून राहणार. कुत्रीचं कोण बघावं? कुणीच नाही भेटलं तर गुरुद्वाऱ्याच्या बाजूला सोडतो, लंगर असतंय, उपाशी मरणार नाही.” हे तुझे शब्द आहेत, यातली काना-मात्रा मी बदललेली नाही. पाच वर्षं जी रोज संध्याकाळी तुझ्या गाडीचा आवाज ओळखून दाराशी येऊन उभी राहते, तिच्याविषयी तू हे बोललास, आणि बोलताना तुझा आवाज जरासुद्धा अडखळला नाही. मला राग आला तो त्याचा.

लेकराची अकरावी ही अडचण खरी आहे, ती मी समजू शकते. तिच्यावर तू काढलेला तोडगा मात्र मी चालू देणार नाही.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसव. चिमी तुझ्या दारात आपल्या पायांनी आलेली नाही. २०२१ च्या टाळेबंदीत शाळा बंद होत्या, लेकरू दिवसभर मोबाईलला चिकटून होतं, चिडचिड करत होतं, जेवत नव्हतं. म्हणून तूच पैसे मोजून ती आणलीस. तुझी गरज होती, तिची नव्हती. तुझ्याकडे आली तेव्हा ती जेमतेम महिन्याची होती. २०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणिकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते. एक पंखा घेताना तू वॉरंटीचं कार्ड दोनदा वाचतोस. इथे एक तरी कागद मागितलास का? आठ आठवड्यांची अट उगाच घातलेली नाही. आईजवळ आणि भावंडांत राहूनच पिल्लू शिकतं की दात किती रोवायचे आणि कुठे थांबायचं. ते शिकण्याआधीच तू तिला तोडून आणलंस, आणि पुढे ती लेकराचे हात चावते म्हणून वर्तमानपत्राची गुंडाळी करून तिलाच मारलंस. चूक कुणाची आणि मार कुणाला?

विकणाऱ्याने तुला सांगितलं की आई ल्हासा आहे, बाप स्पिट्झ आहे, म्हणजे क्रॉस आहे. क्रॉस आजारी पडत नाही, त्याचे केस गळत नाहीत, ते भुंकत नाही. तू मान डोलावलीस. स्पिट्झच्या अंगावर केसांचे दोन थर असतात आणि आतला मऊ थर ऋतू बदलताना गळतोच. ल्हासाचे केस वाढतच राहतात आणि विंचरले नाहीत तर त्यांच्या जटा होतात. दोन्ही रक्तं एकत्र आल्यावर पिल्लात कुणाचं काय उतरेल, हे पिल्लू मोठं होईपर्यंत कुणीही सांगू शकत नाही. लहान जातींत गुडघ्याची वाटी सरकण्याचा दोष वारंवार आढळतो. तो आईतही असेल आणि बापातही असेल, तर नुसता संकर केल्याने जाणार कुठे?

हा भ्रम फक्त तुझ्याच डोक्यात आहे असं नाही, तो जगभर विकला गेला आहे. १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात वॉली कॉनरॉन नावाच्या माणसाने अंधांना वाट दाखवणारी कुत्री तयार करणाऱ्या संस्थेसाठी लॅब्रॅडॉर आणि पूडल यांचा संकर केला. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईला कुत्रं हवं होतं आणि तिच्या नवऱ्याला कुत्र्यांची अ‍ॅलर्जी होती, म्हणून हा खटाटोप. पहिल्या वेतात तीन पिल्लं झाली, त्यातलं एकच त्या नवऱ्याला चालण्यासारखं निघालं. तरीही पुढे दोन जातींची जुळणी करून गोंडस पिल्लं विकण्याचा मोठा धंदा उभा राहिला. तो पाहून त्याच कॉनरॉनने पुढे उघडपणे पश्चात्ताप बोलून दाखवला. ज्याने सुरुवात केली तो पस्तावला. ज्यांनी हौसेने विकत घेतलं त्यांना मात्र अजून आपल्या वागण्याचा विचार करायला सवड झालेली नाही.

आता मुद्द्याचं ऐक. लेकराला सोडायला तू लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर असा लातूरला जाशील. त्या चाकूर तालुक्यात जानवळ नावाचं गाव आहे. कारवानी कुत्र्यांसाठी ते ओळखलं जातं. लांब पाय, खोल छाती, सडपातळ कंबर. माळावर सशामागे सुसाट धावण्यासाठी घडलेली ती जात. मराठवाड्याच्या उन्हात ती पिढ्यान्‌पिढ्या राहिली आणि टिकली. आपल्या गल्लीतलं गावठी कुत्रंही असंच. सावली कुठे मिळते, पाणी कुठे साचतं, कुणाच्या हद्दीत पाय टाकायचा नाही, कोणत्या हातात दगड आहे, हे त्याला कळतं. चिमीला यातलं काहीही कळत नाही, आणि तो तिचा दोष नाही. एका बाजूला तिबेटच्या थंडीतल्या मठांमधला ल्हासा, दुसऱ्या बाजूला युरोपातल्या थंड मुलखातून आलेला स्पिट्झ. पिढ्यामागून पिढ्या निवड करत माणसाने त्यांच्यातून असा जीव काढला, की माणसाजवळ असणं हेच त्याचं जगणं. तिला शिकार जमत नाही, चोराला अडवणं जमत नाही, चार कुत्री अंगावर आली तर पळून जाणंही जमत नाही. तिला माया करता येते, तेवढंच येतं. तुझ्या पायाशी झोपायचं, लेकरू रडलं की त्याचा हात चाटायचा, घरात कुणाचा आवाज चढला की दोघांच्या मध्ये येऊन बसायचं. तुला तेच हवं होतं आणि पाच वर्षं तू ते घेतलंस.

जो जीव माणसाशिवाय जगू शकत नाही असा माणसानेच घडवला, तो विकत घेणाऱ्याला पुढे रस्त्यावर टाकून देण्याचा हक्क नाही. अडचण असो, बदली असो, परीक्षा असो. मला तुला एवढंच सांगायचं आहे. पुढे जे बोलेन ते तुझ्या सबबींबद्दल.

पहिली सबब लंगराची. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये आपल्या नांदेडात जिथे देह ठेवला, त्या जागी आजही भुकेल्याला जेवण मिळतं. ते मिळतं रात्रंदिवस राबणाऱ्या सेवेकऱ्यांमुळे. तिथे तू आपली जबाबदारी टाकून येणार आणि वर त्याला पुण्याचं नाव देणार? येणारे-जाणारे तिला पोळीचा तुकडा टाकतीलही. पण तो खायला ती सकाळपर्यंत जिवंत राहायला हवी. सहा किलोची कुत्री परक्या हद्दीत सोडलीस की तासाभरात तिथली कुत्री तिला घेरतील. तिथून सुटली तर रस्त्यावर येईल आणि प्रत्येक मोटारसायकलीमागे धावेल, कारण प्रत्येक आवाज तिला तुझ्याच गाडीचा वाटेल. यात मी काही रंगवून सांगत नाही. सोडून दिलेली घरची कुत्री असंच करतात.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचा प्रश्न किती चिघळला आहे हे तू रोज पेपरात वाचतोस. शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली भटकी कुत्री हटवायला २०२५ च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं. आणि तू त्याच रस्त्यावर आणखी एक जीव आणून टाकणार. तोही नसबंदी न केलेला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या ११ व्या कलमात, उपाशी-तहानलेलं पडेल अशा स्थितीत प्राण्याला वाऱ्यावर सोडणं हा गुन्हा ठरवलेला आहे. पहिल्या वेळचा दंड फार तर ५० रुपये. तेवढे तू खिशातून काढून देशील, हे मला माहीत आहे. म्हणून कायद्याची भीती मी घालत नाही. गुन्हा हा गुन्हाच, त्याचा दंड थोडा आहे म्हणून तो लहान होत नाही, एवढं तुला मी नागरिकशास्त्राच्या तासाला शिकवलेलं होतं.

दुसरी सबब शेताची. “नाहीतर शेतावर ठेवतो, सालगडी बघंल.” जिला कूलरच्या समोरून उठायचा कंटाळा येतो, तिला तू मे महिन्यात आखाड्यावर बांधणार. सालगड्याने दोन बैल, एक म्हैस आणि तुझं सोयाबीन सांभाळायचं, वर तुझ्या कुत्रीचे केसही विंचरायचे? उंदरांसाठी टाकलेलं औषध, विहिरीचा उघडा काठ, फवारणीचे रिकामे डबे, साप, शेजारच्या आखाड्यावरची दांडगी कुत्री, यातलं तिला काय माहीत आहे? आणि आखूड साखळीने दिवसभर बांधून ठेवणं हाही त्याच ११ व्या कलमातला गुन्हा आहे.

तिसरी गोष्ट तू दबक्या आवाजात बोललास, पण मी ऐकली. कुणीतरी तिला जोडीसाठी मागतं आहे, पैसेही देतो म्हणतं आहे. जिच्या अंगावर डोकं ठेवून तुझं लेकरू झोपलं, तिला तू वर्षाला दोन वेतं काढणाऱ्या माणसाच्या पिंजऱ्यात देणार? कुत्रीचा गाभणकाळ साधारण ६३ दिवसांचा. पिल्लं अंगावर पिऊन सुटतात न सुटतात तोच पुढचा माज, पुढचा नर. अंग झडून गेलं की अशा कुत्र्या कुठे जातात, हे विचारण्याची हिंमत कर. तुला विचारवणार नाही, कारण उत्तर तुला ठाऊक आहे.

चौथी सबब वेळेची, आणि तिचा मला सगळ्यांत जास्त संताप आला. लेकरू लातूरला जाणार, त्याची आई लातूरला जाणार. आणि तू? तू नांदेडातच राहणार आहेस. घर इथेच आहे, नोकरी इथेच आहे. मग कुत्रीचं कोण बघणार हा प्रश्न आलाच कुठून? या पाच वर्षांत तिला खायला बायकोने घातलं, फिरायला लेकराने नेलं, तू फक्त तिचे लाड करून घेतलेस. आता ती दोघं निघाली, तर तुझ्या वाट्याचं काम तुझ्यापुढे आलं आणि ते पाहून तू घाबरलास. सकाळी उन्हं चढायच्या आत वीस-पंचवीस मिनिटं, संध्याकाळी रस्ता निवल्यावर तेवढीच. दोन वेळचं जेवण, ताजं पाणी, एक दिवसाआड विंचरणं. एवढा वेळ नाही म्हणणारा माणूस रात्री झोपेपर्यंत मोबाईलवर बोट फिरवत बसतो, हे तुझ्या बायकोने मला सांगितलं आहे. तिच्यावर चिडू नकोस. खरं बोलली ती.

पाणीटंचाईचंही तू बोललास. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं. पाण्याची किंमत मराठवाड्यात कुणी कुणाला शिकवायला नको. पण सहा किलोच्या कुत्रीला दिवसाला प्यायला लागतं साधारण तीन-चारशे मिलिलीटर. उन्हाळ्यात थोडं जास्त. तेवढं पाणी तू गाडीचा आरसा पुसताना सांडतोस.

“ती भुंकते, चपला फाडते, एकटी ठेवली की घरातच घाण करते.” करते ना? का करते याचा कधी विचार केलास? तिचं पिल्लूपण टाळेबंदीत गेलं. घर कधी रिकामं असतं हे तिने पाहिलंच नव्हतं. पिल्लाचे तिसऱ्या आठवड्यापासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंतचे दिवस जग ओळखण्याचे असतात. माणसं, गाड्या, इतर कुत्री, एकटेपणा, सगळं तेव्हाच हळूहळू दाखवायचं असतं. तुम्ही तिला फक्त तुमच्या तिघांचे चेहरे दाखवलेत. मग एके दिवशी शाळा उघडली, ऑफिस उघडलं, आणि तुम्ही दाराला कुलूप लावून निघून गेलात. ती भीतीने रडत होती आणि तुम्ही त्याला मस्ती म्हणालात.

यावर उपाय आहे, आणि तो आजपासून सुरू करायचा, लेकरू निघून गेल्यावर नाही. आधी पाच मिनिटं बाहेर जा आणि ये. मग दहा, मग अर्धा तास. जाताना कुरवाळत निरोप घेत बसू नकोस, आल्यावर आरडाओरडा करू नकोस. निघताना तिला चघळायला, हुंगून शोधायला काहीतरी दे, म्हणजे पहिली काही मिनिटं तिचं लक्ष त्यात राहील. खाण्याची, फिरण्याची वेळ रोज एकच ठेव. आणि मार पूर्ण बंद. मागाहून मारलेल्या चापटीचा संबंध तिला मघाच्या चपलेशी जोडता येत नाही. ती फक्त तुझ्या हाताला भ्यायला शिकते.

तिला सांभाळलंत म्हणालास, म्हणून कसं सांभाळलंत तेही बोलूनच घेते. लेकराच्या हातातलं चॉकलेट, दिवाळीतल्या चिवड्यातले मनुके, कांदा-लसणाच्या रश्शात बुडवलेली भाकरी, सकाळ-संध्याकाळ दूध-बिस्किट. चॉकलेट कुत्र्याच्या हृदयाला आणि मज्जासंस्थेला बाधतं. द्राक्षं आणि मनुक्यांनी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. कांदा-लसणाने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. तीस किलोच्या कुत्र्याला जे निभावून जातं, ते सहा किलोच्या जिवाला झेपत नाही. कांद्याआधी बाजूला काढलेलं वरण, भाकरी, उकडलेलं अंडं, हाडं काढून उकडलेलं चिकन, इतकं साधं आहे हे. आणि तिचं अंग गरम लागलं म्हणून तू तिला घरातली तापाची गोळी अर्धी करून दिलीस. कुत्र्याचं अंग आपल्यापेक्षा गरमच असतं. १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट हे तिचं नेहमीचं तापमान. माणसांच्या गोळ्यांनी लहान कुत्र्याचं यकृत, पोट, मूत्रपिंडं बिघडतात. ती वाचली हे तिचं नशीब. पुन्हा असं करायचं नाही.

उन्हाळ्यात लेकरू दुपारी क्लासहून आलं की तिला फिरवायला काढायचं. नांदेडचा पारा ४२-४३ च्या वर जातो तेव्हा डांबर किती तापतं? तळहाताची मागची बाजू रस्त्यावर पाच-सात सेकंद टेकवून बघ. तुला सोसवलं नाही, तर तिच्या पंजांनाही सोसवणार नाही. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापा टाकूनच अंगातली उष्णता बाहेर टाकतं. जीभ गडद लाल झाली, लाळ चिकट झाली, पाय लटपटले की उष्माघात समजायचा. सावलीत न्यायचं, अंगावर साधं पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि तडक डॉक्टर गाठायचा. उकडतं म्हणून तू तिचे केस वस्तऱ्याने साफ उतरवलेस, तेही चुकलं. दोन थरांचे केस ऊनही अडवतात. विंचरून गळलेले केस काढायचे असतात, कातडी उघडी पाडायची नसते.

गोचीड झाले तेव्हा तू म्हशीसाठी आणलेलं औषध पाण्यात मिसळून तिला चोळलंस. म्हशीचं वजन किती, हिचं किती? गोचिडामुळे होणारा ताप आपल्या भागात कुत्र्यांना नेहमी होतो. खाणं सुटतं, हिरड्या पांढऱ्या पडतात, कधी नाकातून रक्त येतं. वेळेत रक्त तपासलं तर औषधांनी बरा होतो, उशीर झाला तर जीव जातो. तिच्या वजनाप्रमाणे गोचिडाचं औषध पशुवैद्यकांकडून लिहून घ्यायचं, आणि ते चुकवायचं नाही.

लसीचं कार्ड दाखव म्हटल्यावर तू म्हणालास, “घरातच असते की बाई, तिला काय व्हायलंय?” लुई पाश्चरने १८८५ मध्ये रेबीजची लस एका नऊ वर्षांच्या मुलाला दिली आणि तो मुलगा वाचला. त्याला आता १४० वर्षं झाली. लस गावोगाव मिळते, आणि शिकलेला माणूस विचारतो की तिला काय होतंय! दाराबाहेर एक मिनिट गेली आणि पिसाळलेल्या कुत्र्याने चावा घेतला तरी पुरे. पहिली लस तीन महिन्यांची असताना, मग डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे वर्षाच्या वर्षाला. चिमीचे दात किंवा नखं लेकराला लागली, तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि दवाखान्यात जायचं. तिखट, चुना, हळद काही भरायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही. इथे आळसाला माफी नाही.

हे सगळं अवघड नाही. उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, परभणीला आहे, नांदेडात सरकारी आणि खासगी पशुवैद्यक आहेत. आपल्या भागात गाय-म्हैस आजारी पडली की माणूस रात्री धावत सुटतो, कारण तिच्या दुधावर घर चालतं. चिमी दूध देत नाही म्हणून तिचं दुखणं कमी दुखतं का?

आता तुझ्या लेकराबद्दल. नीटची तयारी करायला तो लातूरला निघाला आहे, त्याला डॉक्टर व्हायचं आहे. जीवशास्त्राच्या पुस्तकातून तो हृदयाचे चार कप्पे शिकेल, रक्ताचं अभिसरण शिकेल, मार्क मिळवेल. पण जो जीव आपल्यावर विसंबून आहे त्याच्याशी कसं वागायचं, हे तो तुझ्याकडे बघून शिकतो आहे. अडचण आली की विसंबलेल्या जिवाला गुपचूप दूर करायचं, घरात खोटं सांगायचं की चांगल्या ठिकाणी दिली, आणि विषय मिटवायचा. हाच धडा तू त्याला डॉक्टर होण्याच्या वाटेवर बांधून देणार का? त्याला तू अजून काही सांगितलेलं नाहीस, हेही मला कळलं आहे. तू गप्प आहेस, कारण आपण चुकीचं करतो आहोत हे तुला आतून माहीत आहे.

तू माणूस वाईट नाहीस. माळेगावच्या यात्रेला दर मार्गशीर्षात जातोस, जिल्हा परिषदेने भरवलेलं कुत्र्यांचं प्रदर्शन बघतोस, फोटो काढतोस. खंडोबाला भंडारा वाहतोस, त्याच्याजवळही कुत्रा आहे. माहूरला दत्तशिखरावर जातोस, दत्ताच्या पायाशीही कुत्रे आहेत. नामदेव महाराज आपल्या नरसीचे. त्यांची ६१ पदं ज्या गुरू ग्रंथसाहिबात आहेत, त्यापुढे माथा टेकायला देशभरातून लोक नांदेडला येतात. त्या नामदेवांची गोष्ट मी तुमच्या वर्गाला सांगितली होती. कुत्रं भाकरी पळवून निघालं तर कोरडी भाकरी त्याच्या घशाखाली कशी उतरेल म्हणून तुपाची वाटी घेऊन ते त्याच्यामागे धावले. नामदेव कुत्र्यामागे धावले आणि तू कुत्रीपासून पळतोस. पळून गुरुद्वाऱ्यापाशीच जातोस, जिथे त्याच नामदेवांची वाणी म्हटली जाते.

कुणावरच घर बदलून देण्याची वेळ येत नाही, असं मी म्हणत नाही. सांभाळणारा माणूस गेला, अंथरुणाला खिळला, तर दुसरं घर शोधावंच लागतं. पण ते कसं शोधतात? आधी त्या घरी स्वतः जाऊन बघायचं. ओळख होईपर्यंत तिला तिथे चार-सहा वेळा न्यायचं. नसबंदी करून, लसीचं कार्ड, खाण्याच्या सवयी, औषधं, सगळं लिहून द्यायचं. आणि नाही जमलं तर परत घेऊन येईन, असा शब्द द्यायचा. तुझ्यावर ती वेळ आलेलीच नाही. तुझं घर आहे, तुझे हातपाय धड आहेत, तुझी कमाई आहे.

म्हणून आता मी सांगते तसं करायचं. उद्या सकाळी तिला पशुवैद्यकांकडे ने. लस, जंतनाशक, गोचिडाचं औषध, दातांची तपासणी, सगळं एकदा करून घे. नसबंदीची तारीख ठरव, कारण न केलेल्या कुत्रीच्या गर्भाशयात वय वाढलं की पू होण्याचा धोका असतो आणि तो जिवावर बेततो. गळ्याचा पट्टा काढून छातीला बसणारा पट्टा आण. लहान कुत्र्यांची श्वासनलिका नाजूक असते. या आठवड्यापासून सकाळचं फिरवणं तू करायचं, लेकराने नाही, म्हणजे तो जाईपर्यंत तिला तुझी सवय होईल. दिवसा कामावर असताना दुपारी कोण डोकावणार, हे शेजारी बोलून पक्कं कर आणि त्या माणसाचा मान ठेव. लातूरच्या खोलीवर घरमालक कुत्रं राहू देत नसेल तर नसू दे. महिन्यातून एकदा भेटायला जाशील तेव्हा तिला बरोबर ने. पहाटे निघ, अहमदपूरला थांबून पाणी पाज, आणि उन्हात बंद गाडीत तिला एक क्षणही ठेवू नकोस.

अशा लहान कुत्र्यांचं आयुष्य १२ ते १५ वर्षांचं असतं. पाच वर्षं सरली, निम्म्याहून जास्त अजून बाकी आहे. त्यातली शेवटची वर्षं म्हातारपणाची असतील. डोळ्यांत सारा येईल, ऐकू कमी येईल, जिना चढवणार नाही. ते तू करायचं आहेस. आज नुसतं फिरवायचं म्हटलं तर हात झटकणारा माणूस तेव्हा काय करील, याची मला काळजी आहे. म्हणूनच आज इतकं टोचून बोलले.

आणि आज रात्री लेकराला समोर बसवून खरं सांग. तू काय करणार होतास तेही सांग, आणि आता काय करणार आहेस तेही सांग. तो रडला तर रडू दे, चिडला तर ऐकून घे. त्याला लातूरला जरूर पाठव, जीव तोडून शिकू दे. पण आपला बाप घेतलेली जबाबदारी निम्म्यावर टाकत नाही, हे पाहून त्याला जाऊ दे. हे कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. हे तुलाच शिकवायचं आहे, आणि बोलून नाही, दोन वर्षं रोज उठून करून.

ऊठ आता. तिच्या संध्याकाळच्या फिरण्याची वेळ होत आली.